आतल्यांचा जिव्हाळा

मंगळवार, रात्र

दिवसभर एकाच मुलाखतीचं कोडिंग करत बसले, म्हणजे ओळीओळीला विषयाचं लेबल आणि रंग देत. एका कडव्या गटातून बाहेर पडलेला माणूस. विचारसरणीबद्दल तो जेमतेम बोलतो, तेही पाठ केल्यासारखं. पण गटातल्या दोस्तांचा विषय निघाला की गडी खुलतो. तापाने फणफणला होता तेव्हा उशाशी कोण बसलं, आईच्या दवाखान्याचं बिल कोणी परस्पर भरलं, सगळं त्याला लख्ख आठवतं. (तपशील इथेही बदलूनच लिहितेय. सवयच लागली आहे.) 'द्वेष' या कोडखाली मोजक्या ओळी, 'आपलेपणा'चा हिरवा रंग मात्र पानोपानी.

तसं यात नवं काही नाही. दहशतवादाचे अभ्यासक मार्क सेजमन यांनी २००४ साली जागतिक जिहादी चळवळीतल्या १७२ जणांच्या माहितीवरून जवळपास हेच मांडलं होतं: आधी मैत्री किंवा नातं, कडवेपणा मागाहून. तरी आमच्या क्षेत्रात, म्हणजे अतिरेकाच्या अभ्यासात, भर असतो तो जाहीरनाम्यांवर आणि भाषणांवर. ती घरबसल्या मिळतात ना! माणसं बोलायला तयार होईपर्यंत महिने जातात आणि त्याआधी नैतिकता समितीची मंजुरी.

आणि सामाजिक एकोपा म्हणजे अतिरेकावरचा उतारा, हे परिषदांमधलं पालुपद मला आता पटेनासं झालंय. त्या गटात एकोप्याला काय तोटा होता? राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम आपल्याआपल्यांत घट्ट बांधणारे बंध आणि परक्यांशी जोडणारे बंध यांत फरक करतात. तो फरक मोजणीत धरलाच नाही, तर आमच्या एकोप्याच्या मोजपट्टीवर तो गट पैकीच्या पैकी गुण मिळवेल.

मग परक्यांशी गाठ घालून द्या, असं म्हणावं तर तेही सरळ नाही. अशा गाठीभेटींनी पूर्वग्रह कमी व्हायला मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी घातल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, एकच उद्दिष्ट, सहकार्य, वरिष्ठांचा पाठिंबा. संशोधक सलमा मूसा यांनी इराकमध्ये, आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० साली निष्कर्ष आले. बरोबर खेळणाऱ्या मुस्लिमांशी वागणं सुधारलं, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत मात्र ते फारसं पोचलं नाही. मला हा अभ्यास फार आवडतो. यश आणि मर्यादा, दोन्ही न लपवता सांगतो.

संध्याकाळी निधी देणाऱ्यांची मेल आली. अतिरेकी होऊ शकणारी माणसं आधीच ओळखणारी प्रश्नावली हवी म्हणे! समजा, लाख लोकांत अशी दहा माणसं आहेत आणि आमची चाचणी ९९ टक्के अचूक आहे (इतकी अचूक चाचणी मी तरी पाहिलेली नाही). दहाच्या दहा सापडतील आणि त्यांच्याबरोबर, बाकीच्यांबाबतच्या एक टक्का चुकीमुळे, हजारभर निरपराधही यादीत जातील. त्यांच्यावर पाळत बसली की दुखावलेली, एकटी पडलेली माणसं कोणाकडे जातील, हे आजच्या मुलाखतीत लिहिलेलंच आहे.

उत्तराचा मसुदा तयार आहे. प्रश्नावली करणार नाही. त्याऐवजी, गट सोडल्यावरचं पहिलं वर्ष माणसं कोणाच्या आधारावर काढतात, याचा अभ्यास करू द्या, असं लिहिलंय. नकार आला तर दुसरीकडे अर्ज. उद्या सकाळी पुन्हा एकदा वाचून पाठवते. रागाच्या भरात दोन विशेषणं जास्त पडली आहेत.