दहा किलोचे दोन डंबेल आणि तोच प्रश्न

'दहा-दहा किलोच्या दोन डंबेलवर ताकद खरंच वाढते, की नुसता घाम निघतो?' तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय. नुसतं 'वाढते' म्हटलं की लगेच 'मग जड कधी घेणार?' येतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तर, वाढते. स्नायू वाढायला वजन जडच हवं असं नाही, सेटमधली, म्हणजे न थांबता सलग केलेल्या फेरीतली, शेवटची आवर्तनं जड जायला हवीत. सेट पाच आवर्तनांचा असो की तीसचा, 'आता फार तर एक-दोन निघतील' अशा जागी थांबला की काम होतं. हलक्या वजनात सुरुवातीला स्नायूतले लहान मोटर युनिट (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) भार पेलतात. ते दमले की मोठ्यांना कामाला लागावंच लागतं. घरी करून फरक पडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचा सेट पंधरावर थांबतो, कारण तक्त्यात पंधरा लिहिलेलं असतं. आणखी बारा निघाले असते, ते काढलेच नाहीत. यात डंबेलचा काय दोष?

हे 'वाढते' मी पूर्वी बिनशर्त म्हणायचे. आता म्हणत नाही. एकदाच, जास्तीत जास्त किती उचलता येतं ही ताकद हवी असेल, तर जड वजनाचा सराव लागतोच. हलक्या वजनाची तीस आवर्तनं ती पूर्णपणे देत नाहीत. हे मान्य. मात्र विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती हवी असते.

खरी अडचण येते ती पायांपाशी, आणि तिथेच लोक सोडून देतात. दोन्ही डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे बैठका, सुरू होतात. वीस निघतात, मग तीस, मग चाळीस. चाळीसपर्यंत येता येता मांडीआधी दम संपतो, आणि निष्कर्ष निघतो की वजन पुरत नाही. अहो, दोन पायांना पुरत नाही. एका पायावर आणून बघा. शरीराचं वजन ७० किलो आणि हातात २०, म्हणजे एकूण ९०. दोन्ही पायांवर उभं राहिलात तर प्रत्येकाखाली ४५. मागचा पाय खुर्चीवर ठेवून बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट केला आणि ढोबळमानाने चार-पंचमांश भार पुढच्या पायावर आला असं धरलं, तर ७२. वजन विकत न घेता.

पण मांडणी चुकली की हा व्यायाम नुसती कसरत होतो. खुर्ची भिंतीला टेकवा. खुर्चीची बसायची जागा गुडघ्याच्या किंचित खालीच हवी, साधारण ४० सेंटिमीटर. खुर्चीच्या कडेवर बसून एक पाय सरळ पुढे करा. टाच जिथे टेकेल तिथे पुढचं पाऊल. आता उभं राहून दुसऱ्या पायाचा वरचा भाग, बुटाच्या नाडीची बाजू, खुर्चीवर ठेवा. दोन्ही पावलं एका रेषेत नकोत, मध्ये कमरेएवढं अंतर असू द्या. एका रेषेत आली की तोल जातो आणि सेट मांडीमुळे नव्हे, तोलामुळे संपतो. सुरुवातीला वजन न घेता करा, एक हात भिंतीला लावला तरी चालतो. तीन सेकंदांत खाली, मागचा गुडघा जमिनीवर ठेवलेल्या उशीला टेकेपर्यंत. एक सेकंद थांबून वर. पुढची टाच उचलली जात असेल तर पाऊल जवळ पडलंय. मागच्या मांडीला पुढून फार ताण बसत असेल तर खुर्चीऐवजी २०-३० सेंटिमीटरचा पाट घ्या. अशक्त पायाने सुरुवात करा आणि दुसऱ्याने तेवढीच आवर्तनं करा. एका पायानंतर मिनिटभर विश्रांती, दोन्ही झाले की दोन मिनिटं.

तीन सेट आठ-आठचे. तिन्ही पंधराला पोचले की काहीतरी कठीण करा, पण एका वेळी एकच: खाली जाणं पाच सेकंदांचं, किंवा तळाशी दोन सेकंद थांबणं, किंवा पुढच्या पावलाखाली पाच-सात सेंटिमीटरची पक्की फळी. मग पाठीवर सॅक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. बाटल्या काठोकाठ भरा, अर्धवट असल्या की पाणी हिंदकळतं. सॅकच्या तळाशी कपडे कोंबा, म्हणजे वजन खांद्यांजवळ राहील.

छातीचं त्यामानाने सोपं. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनापैकी सुमारे ६४ टक्के हातांवर येतं. हात ६० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ४१, पाय तेवढे उंचावले तर ७४. म्हणजे एकाच खुर्चीत हलकं-जड दोन्ही आहे.

पाठीसाठी एका हाताने डंबेल रोइंग, म्हणजे वाकून डंबेल कमरेकडे ओढणं, आहेच. ते हलकं वाटायला लागलं की दारात टॉवेल अडकवून शरीर ओढता येतं. गाठ दाराच्या पलीकडे, दार बंद, आणि ते तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं. तुमच्याकडे उघडणारं असेल तर ओढताना कडीवर सगळा भार येईल, आणि कडी त्यासाठी बनवलेली नसते.

खांद्यांना मात्र उलटा त्रास. हात बाजूला उचलायच्या व्यायामात दहा किलो बहुतेकांना फार जड होतात. पाचवरून साडेसातवर जाणं म्हणजे थेट ५० टक्के वाढ. म्हणून सुट्या प्लेटांचे डंबेल घ्या, सोबत अर्ध्या आणि सव्वा किलोच्या प्लेटा. दर सेटनंतर नट आवळा. डोक्यावर वजन नेताना सैल नट चालत नाही.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलत उभं राहण्याला, मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. एका पायावरची रोमानियन डेडलिफ्ट (गुडघा जरासा वाकवून कमरेतून पुढे झुकणं) आहे, पण तिच्यात पुन्हा तोल आडवा येतो. गुळगुळीत फरशीवर पाठीवर झोपून, टाचांखाली टॉवेल घेऊन पाय ओढण्याचा व्यायाम मांडीच्या मागच्या बाजूला चांगलाच झोंबतो, कंबर-पाठीला तेवढं मिळत नाही. इथे तुम्ही 'जड घ्या' म्हणालात तर मी वाद घालणार नाही. घेईनही कदाचित. पण आधी स्प्लिट स्क्वॉटमध्ये हातात २० आणि सॅकमध्ये १० किलो घेऊन तळाशी थांबून पंधरा काढा, मग 'जड कधी घेणार' ते विचारा.