लेव्हल वन सोपी गेली, नावातला ज्ञ नडला

टेनिस कोच व्हायला काय लागतं, असं कुणी विचारलं की फोरहँड-बॅकहँड मी नंतर काढतो. आधी विचारतो, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्ककार्ड आणि आधार शेजारी ठेवून बघितलंस काय?

माझं नाव ज्ञानेश्वर. आपण 'द्न्य' म्हणतो, म्हणून इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. कन्नडात त्याच अक्षराचा उच्चार 'ग्न्य' होतो आणि इंग्रजीत ते जे-एन नाहीतर जी-एन होतं. शाळा मराठी, बोर्ड कर्नाटकाचं. दहावीच्या फॉर्मवर कुणीतरी जे-एन लिहिलं. पास झाल्याच्या आनंदात स्पेलिंग कोण बघतंय! आधार, पॅन, बँक सगळीकडं डी-एन-वाय. वीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

त्या वीस वर्षांत आधी एका क्लबात बॉलबॉय होतो, मग मार्कर. मेंबरांना जोडीदार मिळाला नाही की समोर उभा राहणारा पगारी माणूस म्हणजे मार्कर. कोर्टावर पाणी मारणं, रोलर ओढणं, रेघा झाडणं हेही त्याच्याच गळ्यात. बेळगावचा पाऊस ठाऊक आहे ना? जून ते सप्टेंबर मातीचं कोर्ट म्हणजे भाताचा वाफा. खेळ बंद की कमाई बंद. म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा लेव्हल वन कोर्स करायचं ठरवलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला गेलो, केला, पास झालो. इंग्रजीची धास्ती होती, पण बास्केटमधून बॉल फीड करायला उभं केलं तेव्हा ती गेली. जन्मभर दुसरं काय केलं होतं?

तिथं शिकलेलं एकच सांगतो, कारण ते आजही रोज वापरतो. लहान पोरांना पिवळा बॉल द्यायचा नाही. लाल बॉल पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. कोर्टही त्याच हिशेबानं वाढत जातं : लाल बॉलला ३६ फूट, नारिंगीला ६०, आणि मग पुरं ७८. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा बॉल नियमातच बसत नाही. मी नऊ वर्षांचा असताना मोठ्यांची रॅकेट आणि पिवळा बॉल हातात दिला होता. बॉल डोक्यावरून जायचा आणि शिव्या मला बसायच्या.

तर, परत आल्यावर एका शाळेनं बोलावलं. सिंथेटिक कोर्ट, महिन्याचा पगार, पाऊस थांबला की तासाभरात खेळ सुरू. त्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं. मुलांमध्ये काम करायचं तर मागायलाच पाहिजे, त्यात माझी तक्रार नाही. शाळा उघडायच्या आत द्या, म्हणाले. तीन आठवडे हातात होते. मी म्हटलं, तीन दिवसांत आणतो.

अर्ज ऑनलाइन भरला, कागद तपासायला एका कार्यालयात बोलावलं. खिडकीतल्या बाईंनी मार्ककार्ड बघितलं, आधार बघितलं, पुन्हा मार्ककार्ड बघितलं. "एरडु हेसरु इदे." दोन नावं आहेत. मी म्हटलं, "मॅडम, माणूस एकच आहे की." कागद परत हातात.

दुसऱ्या दिवशी "सर इल्ला". तिसऱ्या दिवशी सर होते. ते म्हणाले, आधारावरचं नाव मार्ककार्डासारखं करून घ्या. म्हणजे मग पॅन, बँक, कोर्सचं सर्टिफिकेट, सगळं बदला. घरी आईला सांगितलं तर ती भडकली. आळंदीला जाऊन आल्यावर ठेवलेलं नाव आहे, एक अक्षर हलवायचं नाही. तिला इंग्रजी येत नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी हट्टाला पेटलो, आणि इथं माझं चुकलं. खिडकीवर कागद घेतला, एक ज्ञ मराठीत काढला, खाली एक कन्नडात. दोन्हीकडं ज ला ञ जोडलेला. सरांनी बघितलं, हसले, "ओंदे," म्हणाले. एकच आहे. "आदरे सिस्टम तगोळ्ळोदिल्ला." पण सिस्टम घेत नाही. मी आवाज चढवला. मार्ककार्डावर गाव 'बेल्गाम' आहे, आधारावर 'बेळगावी'. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं गावाचं नाव बदललं, ते सिस्टमनं घेतलं की नाही? गावाकडं कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं काय? रांगेतली माणसं हसली, सर हसायचे थांबले. माझी फाइल सगळ्यात खाली गेली. तिथं वाद जिंकून कागद मिळत नाही, एवढं तेव्हा सुचलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

त्या आठ दिवसांत पाऊस लागला. क्लबचं कोर्ट बंद झालं. शाळेतून दोनदा फोन आला.

वाट दाखवली ती तिथल्या शिपाईमामांनी. चहा पिताना म्हणाले, "अरे, दोन्ही नावं माझीच म्हणून अॅफिडेविट कर की. कोर्टाजवळ रोज दहा जण करतात." स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी, एक दुपार गेली. टायपिस्टनं तर न विचारता दोन्ही स्पेलिंगं बरोबर टाइप केली. पाटील-देसाईंपेक्षा ज्ञानेश्वरच जास्त येतात, म्हणाला. हे मला पहिल्या दिवशी खिडकीवर कुणी का सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

शेवटी सर्टिफिकेट आलं. नाव जी-एननं.

डोक्याला हात लावला. पुन्हा त्या खिडकीवर जायचं त्राण नव्हतं. तसाच शाळेत गेलो. ऑफिसातल्या अक्कांनी शिक्का बघितला, तारीख बघितली, पंच करून फाइलला लावलं. नाव वाचलंच नाही. तो कागद दुरुस्त करून घ्यायचा अजून राहिलाय, आणि घेणार आहे. तुम्ही माझ्यासारखं टाळू नका, मिळाल्या मिळाल्या खिडकीसमोरच वाचा.

अॅफिडेविटच्या दोन प्रती नोटरी करून घ्या, एक तिथं राहते ती राहतेच. शाळा सोडल्याचा दाखलाही सोबत न्या, मला तो चौथ्या खेपेला मागितला. आणि मार्कर म्हणून काम केलं असेल तर क्लबकडून वर्षांसकट पत्र घेऊन ठेवा. जुने सेक्रेटरी बदलले की तुम्ही तिथं रोलर ओढलात, हे सांगणारं कुणी उरत नाही.

आता लाल बॉलची अठरा पोरं आहेत. २०२४ ला आपल्या रोहन बोपण्णांनी ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकल्यापासून पालक विचारतात, आमचा किती वर्षांत तिथं जाईल? मी म्हणतो, आधी त्याचं जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग बघून या.