मामांच्या शेतातील अठरा मीटर

गुजरातमधील वडोदरा जिल्ह्याच्या पादरा तालुक्यातील आमच्या मामांच्या शेतातून गेली बरीच वर्षे एक तेलवाहिनी जाते. जमिनीवर तिची खूण म्हणजे बांधालगतचे दोन पिवळे खांब. त्यांच्यावर किलोमीटरचा आकडा, 'खोदकाम करू नये' ही सूचना आणि गळती दिसल्यास कळवण्याचा दूरध्वनी क्रमांक रंगवलेला आहे. खांब नसते तरी वाहिनी कुठून गेली हे मामांनी डोळे मिटून सांगितले असते. ती टाकताना चर बुजवणाऱ्यांनी खालची पिवळी माती वर आणि वरची काळी माती खाली घातली, त्यामुळे पुढची तीन-चार वर्षे त्या पट्ट्यातील तूर गुडघ्याच्या वर गेली नाही. आता त्याच वाहिनीला समांतर दुसरी वाहिनी टाकण्याची नोटीस आली आहे. मी वडोदऱ्यात दांडियाबाजारात राहतो आणि जन्मभर हिशेब तपासण्याचे काम केले आहे, म्हणून मामांनी तो कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तू लिहिणारा माणूस. हरकत काय घ्यायची ते तूच लिही."

हरकत लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण ही आली की मी तेलवाहिन्यांच्या विरोधात नाही. वडोदऱ्यातल्या माणसाने तसे असणे थोडे कृतघ्नपणाचेही ठरेल. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले, सोव्हिएत मदतीने वडोदऱ्याजवळ कोयलीची रिफायनरी उभी राहिली आणि १९६५ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला वर्षाला २० लाख टनांची असलेली तिची क्षमता पुढे १३७ लाख टनांवर गेली. ती केवळ गुजरातच्या विहिरींवर चालणे शक्यच नव्हते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सलायाहून निघणारी कच्च्या तेलाची वाहिनी १९७८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आखाती देशांतील तेल विरमगाममार्गे कोयलीपर्यंत जमिनीखालून येते. रिफायनरी, खत कारखाना, आयपीसीएल हा पेट्रोरसायनांचा कारखाना या तीन नावांवर आमच्या पिढीतील रावपुरा-दांडियाबाजारातील कितीतरी मराठी घरांची चूल पेटली, मुलांची शिक्षणे झाली, मांजलपूरकडे बंगले बांधले गेले.

वाहिनी नको म्हणायचे, तर तेल रस्त्याने जाणार हे मान्य करावे लागते. वर्षाला १० लाख टन डिझेल म्हणजे सुमारे १२ लाख किलोलिटर. २० किलोलिटरचा एक टँकर धरला तर वर्षाला ६० हजार फेऱ्या होतात, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ भरलेले टँकर, आणि तितकेच रिकामे परत येणारे. १३ जून २०२३ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ एका टँकरने पेट घेतला आणि चौघांचे प्राण गेले. त्या दिवशीची दृश्ये पाहिलेल्या कोणालाही रस्त्यावरील वाहतुकीचा धोका समजावून सांगावा लागणार नाही. वाहिनी गावातून गेली तरी ती कोणाला ओव्हरटेक करत नाही, वाहनचालकासारखी पेंगत नाही आणि माल पोहोचवण्यासाठी टँकरइतके इंधन जाळत नाही. देशाच्या हिशेबात हा पर्याय स्वस्त आणि बराच सुरक्षितही आहे, यात मला शंका नाही.

मात्र वाहिनीचा धोका टँकरच्या धोक्यासारखा दिसत नाही. टँकर उलटला की दहा मिनिटांत सगळ्यांना कळते; वाहिनीला सुईएवढे भोक पडले तर ते महिनोन्महिने कळत नाही. पोलादी नळीवर लेप असतो, गंज रोखण्यासाठी तिला सौम्य विद्युतप्रवाह दिलेला असतो, आणि ठराविक काळाने 'पिग' नावाचे यंत्र आतून फिरवून भिंतीची जाडी तपासली जाते. नियंत्रण कक्षातील संगणक एका टोकाला आत गेलेले आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेले तेल यांचा सतत ताळमेळ घालत असतो. ताळमेळ हा माझ्या धंद्यातला शब्द, म्हणून सांगतो: प्रत्येक ताळमेळात किरकोळ फरक सोडून देण्याची एक मर्यादा असते. प्रवाहाच्या एखाद्या टक्क्याहून लहान गळती या मोजणीतून निसटू शकते, आणि वर धरलेल्या १० लाख टनांच्या वाहिनीत एक टक्का म्हणजे दिवसाला सुमारे ३३ हजार लिटर. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातील बेंझिन पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर पुढे सरकते. मही नदीच्या गाळाने बनलेली पादऱ्याची रेताड जमीन पाण्याला अडवत नाही, म्हणूनच तिथल्या विहिरींना पाणी लागते. जे पाण्याला अडवत नाही ते इतर कशाला अडवील, अशी आशा धरता येत नाही.

संगणकावर किती भिस्त ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर मला अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका अपघाताच्या चौकशीत सापडले. २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी मार्शल गावाजवळ १९६९ साली टाकलेली ३० इंची वाहिनी फुटली आणि जड कच्चे तेल एका ओढ्यातून कॅलमझू नदीत जाऊ लागले. नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजत होत्या. पण त्याच वेळी पंप ठरल्याप्रमाणे बंद केले जात असल्याने नळीत पोकळी निर्माण झाली असावी, असा समज तिथल्या माणसांनी करून घेतला. ती पोकळी भरून काढण्यासाठी त्यांनी पंप पुन्हा, एकदा नव्हे तर दोनदा, चालू केले, आणि नदीत गेलेल्या तेलापैकी बहुतांश तेल या दोन प्रयत्नांत गेले. गळती लक्षात यायला १७ तास लागले. एकूण सुमारे ३२ लाख लिटर तेल सांडले, त्यातील जड भाग नदीच्या तळाशी बसला, आणि सफाईचा खर्च १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. या वाहिनीला भेगा असल्याची नोंद पाच वर्षांपूर्वीच्या तपासणीत झालेली होती. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आसपासच्या रहिवाशांनी वास येत असल्याचे दूरध्वनी फुटीनंतर काही तासांतच आपत्कालीन सेवेला केले होते. अग्निशमन दलाचे लोक येऊन पाहून गेले, पण त्यांनी वाहिनीचा संबंध जोडला नाही. शेवटी नियंत्रण कक्षाला गळती कळली तीही बाहेरच्या एका माणसाच्या फोनमुळे. कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा काठावर राहणाऱ्याचे नाक आधी जागे झाले होते.

आपल्याकडे त्यात चोरीची भर पडते. वाहिनीलगत खोली किंवा शेत भाड्याने घ्यायचे, रात्री खड्डा खणायचा, नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवायचा, हा प्रकार इतका वाढला की २०११ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक केली. ते योग्यच झाले. परंतु ज्याच्या शेतात असा व्हॉल्व्ह सापडेल त्या शेतकऱ्याला पोलीस ठाण्याच्या किती खेपा घालाव्या लागतील, या विचाराने मामा रात्री शेतात अनोळखी दिवा दिसला की अजूनही उठून बसतात. वाहिनीची ही राखण ते फुकट करतात.

आता कायद्याकडे येतो. १९६२ चा पेट्रोलियम वाहिन्यांचा कायदा सरकारला जमीन विकत घेऊ देत नाही, तिच्या वापराचा हक्क घेऊ देतो. मालकी मामांचीच राहते, पीकही घेता येते. मात्र त्या पट्ट्यात इमारत बांधायची नाही, विहीर किंवा तलाव खणायचा नाही आणि झाड लावायचे नाही. नुकसान झालेल्या पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी मिळते, पण या कायमच्या बंधनाचा मोबदला म्हणजे जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, तोही एकदाच आणि फक्त त्या पट्ट्यापुरता. मामांच्या शेतातील पट्टा १८ मीटर रुंद आणि १२० मीटर लांब आहे, म्हणजे आमच्याकडच्या मापाने एका विघ्याहून थोडा कमी. त्यावर कोणी कर्ज देताना नाक मुरडतो, विकत घेणारा भाव पाडतो, आणि ही घट १० टक्क्यांवर थांबत नाही. हरकतीसाठी अधिसूचनेपासून २१ दिवस मिळतात. याहून मोठी सुनावणी बहुधा होतच नाही, कारण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तेलवाहिनीला पूर्वमंजुरी लागते ती राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, प्रवाळक्षेत्रे आणि संवेदनशील क्षेत्रांतून जाताना. तुरीचे शेत या यादीत नाही.

नफा शहराला आणि जोखीम वाटेवरच्या गावांना, हा अनुभव आमच्या जिल्ह्याला नवा नाही. वडोदऱ्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून पादरा आणि जंबुसरमार्गे खंभातच्या आखाताकडे नेले जाते, आणि त्याच्या काठच्या गावांतून विहिरीच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. शहरातल्या आम्हा लोकांना तो कालवा पादऱ्याला भाजी घ्यायला गेलो तरच दिसतो, आणि तेव्हाही आम्ही गाडीची काच वर करून पुढे जातो.

म्हणून हरकतीच्या मसुद्यात मी वाहिनी रद्द करा असे लिहिले नाही. तेल वाहत आहे तोवर दरवर्षी भाडे द्यावे, हे पहिले लिहिले. कारण जोखीम दरवर्षीची आहे आणि तिची किंमत एकदाच चुकती करणे कोणत्याही खतावणीत बसत नाही. काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या विहिरींचे पाणी तपासून त्याचा दाखला शेतकऱ्याला द्यावा, म्हणजे पुढे पाणी बिघडले तर 'ते आधीपासूनच तसे होते' असे कोणी म्हणू शकणार नाही. वरची माती वेगळी ठेवून वरच घालावी. आणि विजेच्या गाड्या वाढून पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वाहिनी निरुपयोगी झाली, तर तिच्यातील उरलेले तेल काढून ती साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हे आजच कागदावर यावे. हा शेवटचा मुद्दा लिहिताना माझ्या लक्षात आले की तेव्हा विचारायला मामाही नसतील आणि मीही नसेन.

रविवारी मसुदा वाचून दाखवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, भाड्याच्या मुद्द्याला "हे कोणी देणार नाही, पण राहू दे" म्हणाले, आणि मग मला नव्या आखणीच्या खुंट्या दाखवायला बांधावर घेऊन गेले. तिसरी खुंटी त्यांच्या वडिलांनी लावलेल्या रायणीच्या बुंध्यापासून चार पावलांवर होती. त्यांनी ती चार पावले माझ्यासमोर दोनदा मोजली आणि सांगितले की आखणी दहा मीटर पूर्वेला सरकवावी, ही मागणी सगळ्यात वर घाल, बाकीचे तुझे खाली येऊ दे. मी तशी ती घातली आहे. मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत.