सॅलियर्सव्हिल आणि बोनापार्टची माघार

लेक्सिंग्टनहून निघताना नवरा म्हणाला, "अगं पण तिथे बघायला आहे काय?" आता खरं सांगायचं तर काहीच नाहीये. माउंटन पार्कवे धरून पूर्वेला दीडेक तास गेलं, डोंगर अंगावर यायला लागले की येतं सॅलियर्सव्हिल, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लिकिंग नदीकाठचं एवढुसं गाव. मला जायचं होतं ते बिल स्टेप नावाच्या फिडलवाल्यासाठी (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच हो, नाचाला वाजवलं की फिडल).

1937 च्या ऑक्टोबरमध्ये अॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन इथे आला होता, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत गोळा करत. तेव्हा बासष्टीच्या स्टेपने त्याला 'बोनापार्ट्स रिट्रीट' वाजवून दाखवलं. नेपोलियनच्या माघारीची ही धून बरेच जण संथ वाजवायचे, एखाद्या मार्चसारखी, पण या बाबाने ती अशी काही पळवली की नेपोलियन माघार घेतोय की धूम ठोकतोय कळेना! त्यात याने खालची तार उतरवून डी या सुराला आणलेली, त्यामुळे मागे सतत खर्ज घुमत राहतो, सनईमागे सूर धरतात ना अगदी तसा.

पुढे रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईने ते रेकॉर्डिंग ऐकून ऐकून नोटेशन उतरवलं, 1941 च्या एका पुस्तकात ते छापून आलं आणि तिथून आरन कोपलँड या अमेरिकन संगीतकाराने उचललं ते थेट 'रोडिओ' बॅलेमध्ये, 1942, न्यूयॉर्क. त्यातलं शेवटचं 'हो-डाऊन' ऐका, मुख्य धून जवळजवळ जशीच्या तशी स्टेपची आहे, त्याच्या वेगासकट. मला हेच खटकतं, म्हणजे कोपलँड जगभर वाजतो आणि स्टेपचं नाव फिडलवाले सोडले तर कोणाला माहीत नाही.

"पण हे तर काउबॉय म्युझिक ना?" इति नवरा. त्याचं पण बरोबर आहे म्हणा, बॅलेची गोष्ट रँचवरची, पार पश्चिमेकडची, तिकडे घोडे उधळतायत आणि धून मात्र या केंटकीच्या डोंगरातली.

नदीकाठी गाडी लावली आणि फोनवर दोन्ही पाठोपाठ ऐकली, आधी अख्खा ऑर्केस्ट्रा, मग स्टेप. जुन्या रेकॉर्डिंगची खरखर धरूनही म्हातारा एकटाच भारी पडतो, नवऱ्यानेसुद्धा मान्य केलं. मग भूक लागली.