डोळ्यांचे क्लोजअप पुरेत आता

कोल्हापुरात शॉर्टफिल्म करणारी पोरं अधूनमधून मला एडिट दाखवायला बोलावतात. दर दुसऱ्या फिल्ममध्ये एक जागा ठरलेली असते. आधी डोळ्यांचा क्लोजअप, मग हाताचा, परत डोळ्यांचा, मागं शिट्टी. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनी प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलाय. माणूस मोठाच, वाद नाही. पण 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'तलं शेवटचं कबरस्तान उभं करायला स्पेनचे सैनिक राबले होते, आणि संगीताला मोरिकोने होता. आपल्याकडं मित्राचा कॅमेरा आणि रविवार. भावा, आपला गुरू वेगळा पाहिजे.

माझा गुरू अमेरिकन दिग्दर्शक बड बेटिकर. तरुणपणी मेक्सिकोत बैलांशी झुंजायला शिकलेला हा माणूस. १९५६ ते १९६० या काळात नट रँडॉल्फ स्कॉटला घेऊन त्यानं छोट्या बजेटचे वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचे घोडे-बंदुकांचे सिनेमे, केले. त्यातल्या उत्तम चित्रपटांची पटकथा बर्ट केनेडीची. बरंचसं शूटिंग कॅलिफोर्नियात लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये. गंमत म्हणजे १९३९ च्या 'गुंगा दिन'साठी हेच खडक आपला वायव्य सरहद्द प्रांत झाले होते. मग आपलं मसाई पठार काय कमी आहे? जांभ्याचा कातळ, वारा, लांबवर एक माणूस. लोकेशनचं भाडं नाही.

त्यातला 'राइड लोनसम' (१९५९) मी पोरांना आवर्जून बघायला लावतो. ७३ मिनिटं. पाचेक माणसं, घोडे, घोडागाड्यांचं एक ठाणं, एक झाड. बाकी उघडा माळ. स्कॉट एका खुन्याला पकडून नेतोय, पण भलताच सावकाश, उघड्या रानातून, माग लागेल असा. सोबतच्या दोघांना तो कैदी स्वतःसाठी हवाय, आणि ते तसं स्कॉटला तोंडावर सांगतात. ताण इथं आहे. रात्री जाळाभोवती कॉफी पितात, एकमेकांबद्दल आदरानं बोलतात, आणि वेळ आली की एकमेकांवर गोळी झाडावी लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. स्कॉट सावकाश का जातोय ते फार उशिरा कळतं. (पुढचं वाक्य चित्रपट बघायचा असेल तर वगळा.) कैद्याच्या भावानं पूर्वी स्कॉटच्या बायकोला फासावर लटकवलेलं असतं, आणि ती गोष्ट इतकी जुनी की तो भाऊ जवळजवळ विसरूनच गेलेला असतो. व्हिलन विसरलाय! एवढ्या एका गोष्टीनं सूडाच्या शंभर सिनेमांची हवा काढून घेतलीय.

माझ्या मागच्या फिल्ममध्ये दोन चुलतभाऊ बांधावर बसून उसाच्या बिलाबद्दल बोलतात. भांडण विहिरीच्या पाळीचं आहे, पण तो विषय कुणीच काढत नाही. एका महोत्सवातून निरोप आला, 'काही घडत नाही.' मी तो सीन अजून चार सेकंद लांबवला. हट्ट म्हणा.

पाण्यावरून आठवलं. डेल्मर डेव्हजचा 'थ्री टेन टू युमा' (१९५७) आपल्या शेतकऱ्यांना दाखवला पाहिजे. नवा नव्हे, जुना, काळापांढरा. दुष्काळानं मोडलेला एक शेतकरी, पाण्यासाठी २०० डॉलर हवेत म्हणून एका डाकूला तुरुंगाकडं जाणाऱ्या रेल्वेगाडीत बसवून द्यायची जोखीम घेतो. हॉटेलच्या खोलीत डाकू गोड बोलून रक्कम वाढवत नेतो, आणि शेतकऱ्याच्या कपाळावर घाम. पिस्तुलापेक्षा आकडे जास्त भीती घालतात. हे कुणाला परकं वाटेल? बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये याच कोल्हापुरात 'सावकारी पाश' केला. सावकारापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांच्या आठवणीत राहिली ती अंधूक उजेडातली उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं. मूकपट होता, तरी कुत्र्याचा आवाज लक्षात राहिला!

बाकी नावाजलेल्यांबद्दल थोडक्यात. 'हाय नून' मला आवडतो. गावचा मार्शल, म्हणजे कायदा सांभाळणारा अधिकारी, मदत मागत दारोदार फिरतो हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला पटलं नाही, म्हणून त्यानं 'रिओ ब्राव्हो' काढला. मी मार्शलच्या बाजूनं. ऐन वेळी गाव कसं घरात बसतं ते ग्रामपंचायतीला पडलेल्या कुठल्याही उमेदवाराला विचारा. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मधल्या दाराच्या चौकटीच्या शॉटवर लोक प्रबंध लिहितात, ठीक आहे. पण त्यातच मूळ रहिवासी बाईला लाथ मारून उतारावरून खाली ढकलतात आणि आपण हसावं अशी अपेक्षा असते. कोमांचे या मूळ रहिवासी जमातीच्या सरदाराच्या भूमिकेत जर्मनीत जन्मलेला नट. फोर्डचं रान डोळ्यांत भरतं, माणसं दर वेळी नाही.

आणि घरचं? भालजींचं नाव निघालं की सगळे तलवारी-घोड्यांवर बोलतात. त्यांचा १९६५ चा 'साधी माणसं' लोहाराच्या घरातला आहे. 'ऐरणीच्या देवा' माहीत नाही असा माणूस कोल्हापुरात सापडणार नाही. खेबुडकरांचे शब्द, आनंदघन या नावानं लताबाईंचंच संगीत. पण पूर्ण चित्रपट बघितलाय का विचारलं की लोक घड्याळ बघतात. निदान ते गाणं तरी एकदा आवाज बंद करून बघा. सूर बाजूला ठेवले की भट्टीपाशी राबणारं जोडपं दिसतं. माझ्या नव्या स्क्रिप्टमध्ये वेल्डिंगच्या दुकानातला नवरा-बायकोचा सीन आहे, त्याची शॉट डिव्हिजन मी तसंच बघत बघत केली. कॅमेरामन म्हणतो, ठिणग्यांचा क्लोजअप घेऊया. बघू, अजून वाद चालू आहे.