आमची वाटचाल: अक्षरजुळणीपासून शब्दांकनापर्यंत

१९९६ साली पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही नवराबायकोनी अक्षरजुळणीचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालवायला संगणकाला जोडावी लागणारी छोटी किल्ली. ते डोंगल रात्री कपाटात कुलपात ठेवायचो, कारण ते हरवलं की धंदा बंद. पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कामाला तोटा नव्हता. गाइडं, क्लासच्या नोट्स, दिवाळी अंकांची पानं, हौशी कवितासंग्रह. पेजमेकरमध्ये पानं लावायची, ट्रेसिंगवर प्रिंट काढायची आणि प्रेसला नेऊन द्यायची. मजकूर कसा आहे हे बघणं आमच्या दरात बसत नव्हतं.

पण प्रुफं वाचणारा माणूस किती दिवस गप्प बसणार? "इथे दोन प्रकरणांत तीच हकिगत आलीय" असं मी एकदोघांना सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या वेळी हस्तलिखित अक्षरजुळणीच्या आधीच माझ्यापुढे ठेवलं. तिथून संपादन सुरू झालं आणि संपादनातून शब्दांकन, म्हणजे दुसऱ्याची हकिगत ऐकून ती त्याच्यासाठी लिहून काढणं. युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी लिहिता यायला लागलं, तसे लेखक घरीच टाइप करायला लागले, जुळणीचं काम आटलं. आमच्या ओळखीची कितीतरी दुकानं तेव्हा बंद झाली. आम्ही तरलो ते शब्दांकनामुळे.

त्यातलं एक काम सांगते. कोल्हापूरकडचे एक फाउंड्रीवाले साहेब, सत्तरी ओलांडलेले, आत्मचरित्राची चाळीसेक पानं स्वतः लिहून घेऊन आले. त्यात एक वाक्य होतं: 'आर्थिक विवंचनेच्या त्या काळात कुटुंबाने मोलाची साथ दिली.' मी म्हटलं, साहेब, हे बाजूला ठेवू या, तुम्ही नुसतं बोला. रेकॉर्डर लावला. म्हणाले, "भट्टीचा कोक संपला हुता. बँकेनं हात वर केलेले. हिच्या पाटल्या गहाण टाकल्या, तवा कुठं रात्री ट्रक आला. सकाळी कपोला भट्टी पेटवली, पण पयलं सगळं कास्टिंग रिजेक्ट." आतून काकूंचा आवाज आला, "आणि पाटल्या सुटल्या न्हाईत ते पण सांगा की." पुस्तकात ते प्रकरण काकूंच्या वाक्यावरच संपतं. साहेबांनी थोडी कुरकुर केली, मग हसून मान्य केलं.

शब्दांकन म्हणजे हेच. 'त्या वेळी कसं वाटलं' हा प्रश्न मी विचारतच नाही, त्याला सगळे एकसारखं उत्तर देतात. पहिला पगार किती, खोलीचं भाडं किती, डब्यात काय असायचं, दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं होतं, हे विचारलं की माणूस आपोआप त्या वर्षात जाऊन बसतो. एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नये, बोलणारा दमतो आणि मग भाषण करायला लागतो. बोली किती ठेवायची हा वाद प्रत्येक पुस्तकात होतो. माझं मत असं की निवेदन प्रमाण भाषेत चालेल, पण संवादाला हात लावू नये. घरातली मुलं मात्र 'बाबांची भाषा जरा शुद्ध करा' म्हणून हटकून फोन करतात!

आता पैशांचं आणि कागदांचं, कारण लेखक इथेच गाफील असतात. शब्दांकनकार तुमच्या पगारावरचा माणूस नसेल, तर मजकुराचा पहिला हक्क कायद्याने त्याचाच. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही, लेखी हस्तांतर लागतं आणि त्यावर सही लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकाशी करार करतानाही हे दोन रकाने आधी बघा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद हे हक्क एका ओळीत 'सर्व हक्क' म्हणून देऊन टाकू नका. मुखपृष्ठावर शब्दांकनकाराचं नाव येणार की नाही, तेही पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. आमच्याकडे दोन्ही चालतं, दर मात्र वेगळे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी हजारो रुपये भरून आलेले लेखक भेटले की चिडचिड होते. आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी तो क्रमांक फुकट देते, ऑनलाइन अर्ज करायचा. त्या क्रमांकाने कॉपीराइट मिळतो हाही गैरसमजच. कॉपीराइट लिहिल्याबरोबर असतोच, तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं.

छपाईचा हिशेब साधा आहे. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकशे साठ पानांचं पुस्तक दहा फॉर्मचं. मजकूर एकशे त्रेसष्ट पानांवर गेला तर त्या तीन पानांसाठी जादा अर्धा फॉर्म तरी लागतो आणि शेवटी कोरी पानं राहतात. अशा वेळी आम्ही मनोगत कापतो, ते बहुतेकदा लांबलेलंच असतं. ऑफसेटला प्लेटांचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना तोच, म्हणून प्रेसवाला हजारचा आग्रह धरतो. लेखकही 'दर कमी पडतो' म्हणून खूश होतो. मग आठशे प्रती दिवाणाखाली. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्याला चाळीस टक्के सोडले की हातात एकशे ऐंशी येतात, त्यातून छपाई, टपाल आणि भेट दिलेल्या प्रती. म्हणून पहिल्यांदा डिजिटलवर, जिथे प्लेटा लागत नाहीत, दीडशे-दोनशे प्रती काढा, खपल्या तर पुढचं बघू. वाचलेले पैसे संपादनावर घाला. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, तिकडे जरूर चौकशी करा. वेळ लागतो, पण पाहून तरी घ्या.

अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेली हस्तलिखितं यायला लागली आहेत. शुद्धलेखन बरं असतं, परिच्छेद मापात असतात आणि दर चौथ्या पानावर 'कुटुंबाने मोलाची साथ दिली' भेटतं. अशांना मी परत पाठवत नाही. सरळ रेकॉर्डर काढते आणि विचारते, पाटल्या कुणाच्या होत्या?

वाडा पाडून तिथे इमारत झाली, आम्ही कर्वेनगरला आलो. अक्षरजुळणी आता मुलगा इनडिझाइनवर करतो, प्रुफं आम्ही अजून कागदावरच बघतो. वर्षाला मोजकीच पुस्तकं घेतो. पुरस्काराची हमी, संमेलनात स्टॉल, वर्तमानपत्रात परीक्षण आणून देणं, यातलं काही आम्ही करत नाही आणि ते पहिल्या भेटीतच सांगतो. भेटीला येताना जुने फोटो, पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या असं जे सापडेल ते घेऊन या. घरातलं आणखी कुणी सोबत आलं तर उत्तमच.