स्विच बंद, तरी ट्रिप कसा? दारातल्या दिव्यांचा माझा अनुभव

दाराबाहेर दिवे लावायचं काम अर्ध्या दिवसाचं, असं वायरमन म्हणाले होते आणि खरोखर तेवढ्यातच झालं. दोन दिवे दाराच्या दोन्ही अंगांना, एक पायऱ्यांवर. खालच्या पायरीची कड अंधारात दिसत नाही, कुलूप चाचपडत उघडावं लागतं, म्हणून हा सगळा घाट. घेताना मी आयपी ६५ बघून घेतले. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ५ म्हणजे कुठूनही पाण्याचा फवारा आला तरी दिवा टिकेल. उजेड पिवळसर, ३००० केल्विनचा. पांढऱ्याफटक दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. इथवर सगळं छान.

मग पाऊस आला.

रात्री अख्खं घर अंधारात आणि शेजारी लखलखाट. बोर्ड उघडला तर आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडलेला, म्हणजे ट्रिप झालेला. वर केला, पुन्हा पडला. सकाळी ऊन आल्यावर वर केला तर मुकाट राहिला. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

"येतो ताई, उद्या." हा उद्या नेमका कडक उन्हात उगवायचा. दुखणं डॉक्टरांसमोर गेलं की थांबतं, तशी गत. वायरमनदादा टेस्टर लावून बघायचे, "सगळं ओके आहे" म्हणायचे आणि निघायचे. पावसात या म्हटलं तर "पावसात शिडीवर कोण चढणार?" हेही बरोबरच होतं म्हणा.

शेवटी मीच लक्ष ठेवलं. दोन गोष्टी कळल्या. पावसात बाहेरच्या दिव्यांचा स्विच बंद ठेवला तरी आरसीसीबी पडतो, आणि तो बहुतेक वेळा गीझर लावल्यावर पडतो. हे सांगितलं मात्र, दादांना गुन्हेगार सापडला: गीझर! "दिवा बंद आहे ना ताई? मग दिव्याचा संबंधच काय?" गीझर दुसऱ्याकडून तपासून घेतला, तो ठणठणीत निघाला. तर म्हणाले, "मग आरसीसीबीच गेलाय. काढून डायरेक्ट करून देतो, कटकटच नको."

इथे माझं डोकं फिरलं. घरात बसवलेला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिॲम्पिअरचा असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतोय का, एवढंच तो बघतो. थोडा जरी दुसरीकडे, म्हणजे भिंतीत, जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून वळला, की तो तत्काळ सप्लाय तोडतो. आणि हा रखवालदार काढायचा कुठे, तर जिथे माणूस ओल्या पायांनी धातूच्या दिव्याशेजारी उभा राहून कुलूप उघडतो तिथे! मी साफ नाही म्हटलं. दादा रुसले. फोन उचलणं बंद.

मग ओळखीतून एक वयस्कर इलेक्ट्रिशियन मिळाले. ते मेगर (तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) घेऊन आले. गीझरचं ऐकून हसलेच. म्हणाले, "स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे तुटतो? तो जोडलेलाच." बाहेर कुठेतरी न्यूट्रल ओलाव्यातून अर्थिंगला टेकत असला, तर दिवा बंद असूनही घरातला परतीचा थोडा करंट त्या वाटेने निसटतो. लोड मोठा असला की निसटणाराही वाढतो. म्हणून गीझर! इतके दिवस छळणारं कोडं दोन वाक्यांत सुटलं.

त्यांनी मेन बंद करून दिवे सोडवले (एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, जोडलेला ठेवून मेगर मारायचा नसतो, खराब होऊ शकतो). मग त्या लाइनच्या दोन्ही तारा बोर्डातून वेगळ्या केल्या आणि ५०० व्होल्टवर न्यूट्रल ते अर्थ मोजलं. निदान १ मेगाओहम तरी यायला हवा. आमचा काटा शून्याला चिकटलेला. उजव्या दिव्यामागचा बॉक्स उघडला तर तळाशी पाणी. तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक ओघळलेला, तांबं हिरवं पडलेलं. पाणी वरून पाइपातूनच उतरत होतं. दिव्याचा आयपी ६५ समोरून शाबूत, पाणी पाठीमागून घरात!

दुरुस्ती सोपी निघाली. झाकणाला रबर असलेला बॉक्स, टेपऐवजी कनेक्टर, वायर खालून ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. दिव्याच्या कडेला सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड मोकळी, नाहीतर आत साचलेला दमटपणा बाहेर पडणार कुठून? धातूच्या दिव्याला अर्थिंगची तार हवीच. आमच्या एका दिव्याची तार आत नुसती दुमडून ठेवलेली सापडली. बाहेरच्या लाइनला घरच्या आरसीसीबीपासून वेगळा आरसीबीओही (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) बसवून घेतला, म्हणजे पुढे काही झालंच तर फ्रिज तरी चालू राहील.

तुम्ही काम करून घेत असाल तर पैसे देण्याआधी हे करा: मेन बंद करून दिव्यांवर आणि वरच्या भिंतीवर पाइपने भरपूर पाणी मारा, मग आत कोरड्या जागी उभं राहून मेन, दिवे आणि गीझर चालू करा. आरसीसीबी पडला तर वायरमन समोरच आहे, पावसाची वाट बघायला नको.

आणि हो, सेन्सरचं राहिलंच. हालचालीवर लागणारा दिवा आपण त्याच्याकडे सरळ चालत गेलो तर उशिरा लागतो, आडवं गेलो की पटकन. आपण त्याच्या समोरून आडवे जाऊ असा तो बसवा. अंधार पडल्यावर लागणारा वेगळा सेन्सर असेल तर त्याच्यावर त्याच दिव्याचा उजेड पडू देऊ नका, नाहीतर रात्रभर चालू-बंद, चालू-बंद.